न कापलेल्या केकची बोली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक खोली उभी करा. उंच छताची, लाकडी बाकांची. समोर काळा झगा घातलेली एक बाई बसली आहे. तिच्यापुढं चार-पाच मोठी माणसं उभी आहेत आणि सगळी बोलतायत ती तुमच्याविषयी. तुम्ही कुठं झोपायचं, कुठल्या शाळेत जायचं, तुमचा धाकटा भाऊ तुमच्याजवळ राहणार की नाही. आईचा वकील आईच्या बाजूनं बोलला. सरकारी वकील सरकारच्या बाजूनं बोलला. आता डोळे उघडा आणि सांगा, तुमच्या बाजूनं कोण बोललं?

नाही ना आठवत कोणी? मग ब्रिनची गोष्ट ऐका.

ब्रिन अकरा वर्षांची होती. अमेरिकेतल्या नेब्रास्कात, होराक नावाच्या गावात, डॉटी नावाच्या एका बाईंच्या घरी ती मागच्या हिवाळ्यापासून राहत होती, कारण तिच्या स्वतःच्या घरात मुलांनी राहावं असं काही उरलं नव्हतं. त्या घरात काय घडलं ते मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते पुढं तुमचं तुम्हालाच कळेल. तिचा भाऊ कोल्बी पाच वर्षांचा. त्याला दुसऱ्या एका कुटुंबाकडे ठेवलं होतं, गाडीनं तीन तास लांब. माणसं चांगली होती. कोल्बी त्यांना इतका आवडला होता की त्याला कायमचा आपला करून घ्यायची त्यांची तयारी होती. ब्रिनला घ्यायची नव्हती. "आमच्याकडं एकच खोली आहे," असं त्यांनी कळवलं होतं.

मंगळवारी कोर्टात त्याचा निकाल लागायचा होता. ब्रिनला एवढंच हवं होतं, की ती आणि कोल्बी एका छपराखाली राहावीत. छप्पर कुठलंही असो.

हे कोर्टात सांगणारं एकच माणूस होतं, अडेला नोव्होत्नी. अडेलाबाईंनी सगळा जन्म गुरांची डॉक्टरकी करण्यात घालवला होता, म्हणून सगळा परगणा त्यांना 'डॉक' म्हणायचा. गुडघे गेलेले, आवाज घोगरा, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी दोन पावलं मागं सरावं लागे. त्या परगण्यात एक लहानशी संस्था होती. ती गावातल्या साध्या माणसांना शिकवून तयार करायची आणि न्यायाधीशबाई त्यांतल्या एकेकाला एकेका मुलाचा कैवारी नेमायच्या. कैवाऱ्यानं मुलाला भेटायचं, त्याच्या शाळेत जायचं, नातेवाइकांची दारं ठोठावायची, आणि मग कोर्टात उभं राहून जे पाहिलं ते सांगायचं. कैवाऱ्याला पगार नसे. पण त्यांना शिकवायला, विम्याला, कचेरीत बसणाऱ्या एका बाईच्या पगाराला पैसा लागायचाच.

ब्रिनच्या मावशीला शोधून काढलं ते डॉकनं. मॉर्ना तिचं नाव, आईची सावत्र बहीण. अशा मुलांचं बघणाऱ्या सरकारी खात्यातल्या बाई वर्षभरात तीनदा बदलल्या. प्रत्येकीनं मावशीच्या बंद पडलेल्या नंबरावर फोन केला आणि 'उत्तर नाही' असं लिहून टाकलं. डॉक गाडी काढून सरळ मावशीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मावशी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी काम करायची. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "दोघांनाही आणा. मला इतके दिवस कोणी विचारलंच नाही."

आणि नेमकं तेव्हाच परगण्याच्या मंडळानं संस्थेचे पैसे तोडले. रस्त्यांवर खडी टाकायची होती म्हणे.

"खडीला कैवारी लागत नाही, तिची सगळ्यांना काळजी असते," डॉक म्हणाल्या. पण नियम म्हणजे नियम. संस्था बंद झाली की तिच्या कैवाऱ्यांचा कोर्टात उभं राहायचा अधिकार संपणार. शनिवारच्या लिलावात उन्हाळ्याअखेरपर्यंतचा खर्च निघाला तर दार उघडं. नाही तर सोमवारी सकाळी कुलूप.

शनिवारी दुपारी गावातल्या जुन्या झेक हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉफी, परतलेली कोबी आणि आलुबुखार भरलेल्या गोड पावांचा, कोलाचेंचा वास सगळीकडं. डॉटी स्वयंपाकघरात होती आणि ब्रिन निळा स्वेटर घालून मागच्या टेबलाशी बसली होती. हॉलात पुष्कळ मुलं होती. त्यांतली ही कोण, हे डॉटी, डॉक आणि संस्थेचे अध्यक्ष सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असूही नये, असा कायदाच होता.

होराकचा लिलाव तुमच्या-माझ्या ओळखीचा नव्हे. तिथं एक केक टेबलावर ठेवतात. एकजण बोली लावून तो विकत घेतो, पैसे भरतो आणि ओरडतो, "पुन्हा विका!" की केक परत टेबलावर. दुसरा घेतो, तोही ओरडतो, "पुन्हा विका!" असा एकच केक दुपारभर विकला जातो आणि कोणी खात नाही. दर वर्षी हा मान डॉकच्या खसखशीच्या केकला मिळायचा. वरून पांढरंशुभ्र साखरेचं आवरण, फार देखणा.

"डॉकचाच का?" ब्रिननं विचारलं होतं.

"कारण तो घरी न्यायची कोणाची छाती नाही," डॉटी म्हणाली. "नाल म्हणून खुरांवर ठोकायच्या कामाचा असतो म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, आजवर कापलाय कोणी?"

आणखी एक गोष्ट तिनं बजावली होती. "लिलाव चालू असताना हात खाली ठेव. कुबिचेक नाक खाजवलेलंही बोलीत धरतो. आमच्या दिरानं एकदा ओळखीच्या माणसाला हात केला आणि संध्याकाळी घरी कालवड घेऊन आला."

लिलाव सुरू व्हायच्या आधी ब्रिन हातमोजे काढून ठेवायला कोटांच्या खोलीत गेली. कोटांच्या पलीकडं कोणीतरी बोलत होतं.

"मी नाही म्हणतोय का?" हा जाड आवाज ऑर्विल मॅक्रेडीचा. नदीकाठी हजारो गुरं पोसायचे त्याचे गोठे होते. "हॉलात जेवढे पैसे जमतील तेवढेच मी वरून घालतो. पण पोर दाखवा. एक. स्टेजवर उभं करा, कसे दिवस काढले ते दोन शब्दांत सांगू दे. जनावर रिंगणात फिरवून बघितल्याशिवाय मी उभ्या जन्मात बोली लावलेली नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे, डॉक," हा दुसरा आवाज संस्थेचे अध्यक्ष रॉजर स्टॅनेक यांचा. बँकेत मॅनेजर होते. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरलेला होता. "नाव नाही घ्यायचं. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, पाकिटं उघडतात. शेजारच्या परगण्यात मागं असंच केलं होतं."

"आणि सोमवारी शाळेत त्या पोराला काय काय ऐकावं लागलं, ते विचारलंस?"

"डॉक, संस्था वाचवायची आहे ना?"

"ऑर्विल," डॉकचा आवाज खाली गेला. ओरडण्यापेक्षा हे वाईट होतं. "चाळीस वर्षं मी तुझ्या गुरांच्या तोंडात हात घालून दात बघितले. हिवाळ्यात पहाटे उठून आले, कधी कुरकुरले नाही. पण पोरांचे दात मी कोणाला दाखवणार नाही. तुलासुद्धा नाही."

"मग लागू दे कुलूप."

"लागू दे! पोरीला रिंगणात फिरवून दार उघडं ठेवायचं असेल, तर कुलूप मीच आणते."

दार आपटलं. डॉक कोटांमधून वाट काढत आल्या आणि ब्रिनपुढं थबकल्या.

"किती ऐकलंस?"

"सगळं."

"कान लांब आहेत तुझे." त्यांनी जवळचं स्टूल ओढलं आणि कण्हत त्यावर बसल्या.

"मी उभी राहते," ब्रिन म्हणाली. "मला चालेल. कोल्बीसाठी."

"मला नाही चालणार."

"पण ते माझं आहे ना? माझ्यावर आलेलं आहे ना सगळं?"

"तुझंच आहे. म्हणूनच सांगते. तुला वाटलं तर तू ते उद्या सांग, म्हातारी झाल्यावर सांग, नाहीतर कधीच सांगू नकोस. पण सांगितल्याशिवाय भाऊ मिळणार नाही, असं ज्यानं ठरवलं त्याच्यापुढं नाही सांगायचं. भाऊ हा तुझा हक्क आहे. हक्कासाठी तिकीट काढायचं नसतं."

ब्रिन हातमोज्याचा अंगठा आतबाहेर करत राहिली. "मंगळवारी तुम्ही असाल?"

"असेन."

"आत?"

डॉक जनावरांशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या आणि मुलांशीही बोलत नसत. "संस्था राहिली तर आत. नाही तर बाहेर, पायऱ्यांवर. पण असेन."

ब्रिन टेबलाशी परत आली तेव्हा तिचे कान तापले होते. रडू येतंय असं तिला आधी वाटलं. मग लक्षात आलं, हा राग आहे. पुष्कळ दिवसांनी आला होता आणि बरा वाटत होता.

लिलाव सुरू झाला. लिलाव पुकारणारा कुबिचेक बांबूसारखा उंच, आणि त्याची जीभ टाइपरायटरसारखी चाले.

"दोनशे डॉलर, दोनशे, कोण म्हणतो सव्वादोन, सव्वादोन दिले पाद्रीबाबांनी, देव बघतोय हं बाकीच्यांना, अडीच, अडीच, गेला!"

"पुन्हा विका!"

"बाबांनाही नको हा केक! चला, पुन्हा दोनशेपासून!"

हॉल हसत होता आणि केक विकला जात होता. बियाण्यांच्या दुकानदारानं घेतला, केस कापणाऱ्या बाईनं घेतला, शाळेच्या शिक्षकांनी वर्गणी काढून घेतला. पण मग हात जड होऊ लागले. होराकमध्ये फार श्रीमंत कोणी नव्हतं, एक सोडून. तो एक पुढच्या रांगेत मांडीवर टोपी ठेवून, हाताची घडी घालून बसला होता. त्याची बायको लुएला शेजारी बसून कॉफी ढवळत होती. बोली सातशेवर अडली आणि कुबिचेक कितीही ओरडला तरी हलेना.

तेव्हा स्टॅनेक स्टेजवर चढले आणि त्यांनी माइक घेतला.

"मित्रांनो, आपण हे कोणासाठी करतोय? मला सांगायला आनंद वाटतो की आज इथं, आपल्यातच, एक मूल असं आहे..."

डॉकची खुर्ची करकरली. गुडघे साथ देईनात. त्या टेबलाला धरून उठायला लागल्या. स्टॅनेकची नजर हॉलभर फिरत मागं आली आणि निळ्या स्वेटरवर थांबली.

वर्गात बाई काही चुकीचं बोलल्या की ब्रिन काय करायची? हात वर करायची. तिनं आताही तेच केलं. सरळ, ताठ, बोटं छताकडं. तोंडात 'नाही' तयार होतं.

"आठशे!" कुबिचेक गरजला. "मागचं टेबल, निळा स्वेटर! आठशे एकदा, आठशे दोनदा, गेला!"

हातोडा पडला. हॉल फिरून मागं बघू लागला. ब्रिनचा हात अजून वरच होता.

"अहो, ही चूक झाली," स्टॅनेक माइकवर म्हणाले. "लहान मुलगी आहे. बोली रद्द."

"रद्द?" कुबिचेक दुखावला गेला. "रॉजर, याच हॉलात मी माझ्या सख्ख्या सासूची बोली रद्द केली नव्हती. अजून बोलत नाही ती माझ्याशी, आणि त्याचं मला दुःखही नाही. हातोडा पडला की पडला!"

"पैसे कोण भरणार?"

"माझ्या नावावर लिही," डॉक म्हणाल्या. एव्हाना त्या उभ्या राहिल्या होत्या.

"अर्धे माझ्या!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून डॉटीचं पिठानं भरलेलं तोंड बाहेर आलं.

"झालं तर," कुबिचेक म्हणाला. "माइक खाली ठेव, रॉजर. केक तिनं घेतलाय, आता बोलायची पाळी तिची आहे. बोला बाईसाहेब, घरी नेणार की पुन्हा विकायचा?"

ब्रिन उठून उभी राहिली. तिला उत्तर माहीत होतं, दोनच शब्दांचं. पण पाळी तिची होती, आणि ती कोणी दिलेली नव्हती, तिनं घेतली होती.

"पुन्हा विका," ती म्हणाली. "पण मला आधी एक विचारायचंय. हा केक आतून कसा आहे?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"नाही, खरंच. कोणी बघितलाय? कोणी कापलाय कधी?"

"कुऱ्हाड कुठाय?" मागून एकजण ओरडला, आणि डॉकनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं कॉफीच्या कपात तोंड घातलं.

"कोणीच नाही बघितला ना?" ब्रिन म्हणाली. आवाज चिरकला, तिनं तो पुन्हा जागेवर आणला. "तरी सगळ्यांनी बोली लावली. पाद्रीबाबांनी लावली, शाळेनं लावली. आत काय आहे ते दाखवा, कापून दाखवा, मग पैसे देतो, असं एकानंही म्हटलं नाही. मग कोर्टात मुलांच्या बाजूनं कोणी बोलावं म्हणून पैसे द्यायचे, तर मूलच का कापून दाखवायचं?"

लुएलाचा चमचा कॉफीत थांबला. ती कोण आहे हे आता पुष्कळांच्या ध्यानात आलं असणार. पण ती माणसं नेब्रास्काची होती, दुसऱ्याच्या घरात नाक न खुपसणारी. त्यांनी आपापल्या कॉफीच्या कपात बघितलं. एकानंही विचारलं नाही. मॅक्रेडीच्या मानेवर लाली चढत कानापर्यंत गेली. त्याच्याकडं कोणी बोट दाखवलं नव्हतं, ब्रिननं तर बघितलंही नव्हतं, पण टोला कोणाला आहे ते त्याला समजलं.

"मुली," तो म्हणाला, "माणसाला आपला पैसा कुठं जातो ते कळायला..."

"हजार," लुएला म्हणाली.

"काय?"

"मी तुला नाही म्हणाले, ऑर्विल. कुबिचेकला म्हणाले. हजार. आणि मला काही बघायचं नाही."

"लुएला, अगं, पैसे..."

"घरात चेक कोण लिहितं?" तिनं चमचा बशीत ठेवला. "टोपी सांभाळ, पडेल."

"हजार!" कुबिचेकला कंठ फुटला. "हजार, कोण म्हणतो अकरा, अकरा दिले धान्य कोठारवाल्यांनी! बघा, तिकडं हात आहे की माशी मारतोयस? हात आहे! बारा!"

मॅक्रेडी टोपी घालून निघून गेला. बरोबरीनं पैसे घालायचं त्याचं वचनही त्याच्याबरोबर गेलं. त्यानं नंतर तरी काही दिलं का, असं तुम्ही विचाराल. नाही दिलं. हॉलनं त्याच्यावाचूनच रेटलं. ज्यांनी आधी एकदा घेतला होता त्यांनी पुन्हा घेतला, ज्यांना एकट्याला झेपेना ते चौघं-चौघं मिळून ओरडले. कचेरीतल्या बाईंनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि डॉकला सांगायच्या आधी त्या डॉटीच्या खिडकीपाशी जाऊन रडल्या. वर्षभराची सोय झाली नव्हती. उन्हाळ्याअखेरपर्यंतची झाली होती.

स्टॅनेक हळूच ब्रिनपाशी आले. "मी..." ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी नका करू," ब्रिन म्हणाली.

"नाही करणार."

मंगळवारी डॉक आत होत्या. इस्त्री केलेला कोट घातला होता, पण बूट गोठ्यातलेच. सरकारी वकील म्हणाले की लहान मुलगा जिथं रुळलाय तिथून हलवणं बरं नाही, आणि नात्यातलं कोणी पुढं आलेलं नाही.

"आलेलं आहे," डॉक म्हणाल्या. "मागच्या बाकावर बसलंय. सुट्टी टाकून आलीय ती. वळून बघा."

वकील वळले. मॉर्ना मावशी अवघडून उठली. मग डॉकनं सांगायला सुरुवात केली. मावशीचं घर कसं आहे, तिनं दोन पलंग कधी आणले, कोल्बी फोनवर दर वेळी पहिलं काय विचारतो, आणि ब्रिनला काय हवंय. दया दाखवा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. वकिलांनी मध्ये तोंड घातलं तेव्हा, "माझं झालेलं नाही," एवढंच म्हणाल्या आणि पुढं सांगू लागल्या. न्यायाधीशबाईंनी बरेच प्रश्न विचारले, मावशीला, खात्यातल्या बाईंना, शेवटी ब्रिनला. ब्रिननं उत्तरं दिली. तिथं कोणी टाळ्या वाजवायला नव्हतं, म्हणून ती बरी निघाली.

निकाल असा झाला. कोल्बीला दुसऱ्यांना दत्तक द्यायचं थांबवा. दोन्ही मुलं शुक्रवारपासून मावशीकडं. उन्हाळ्यात पुन्हा बघू.

कोल्बीला वरच्या खोलीत बसवलं होतं. खात्यातल्या बाई त्याला हाताला धरून जिन्यानं खाली घेऊन आल्या. ब्रिन धावली आणि मध्येच थांबली. फार महिने झाले होते. पाच वर्षांच्या मुलाला ते किती वाटत असतील? त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तो बाईंच्या स्कर्टमागं लपला.

"अरे, ताई आहे तुझी," बाई म्हणाल्या. "जा, मिठी मार की."

"नका सांगू त्याला," ब्रिन म्हणाली.

ती जवळ गेली नाही. तिनं त्याला हाक मारली नाही. कोर्टाच्या त्या गार फरशीवर, दाराच्या अगदी तोंडाशी तिनं बैठक मारली आणि वाट बघत राहिली. स्कर्टमागून आधी एक डोळा आला, मग अर्धा चेहरा, मग एक पाऊल. त्याच्या उजव्या पायात डावा बूट होता आणि डाव्यात उजवा. तिनं हात पुढं केला. तो आला, तिच्यासमोर बसला आणि त्यानं पाय तिच्या मांडीवर टाकले, जसे घरी टाकायचा तसे. ब्रिन एक नाडी सोडू लागली.

"बाळ, इथं बसता येणार नाही," दारावरचा शिपाई म्हणाला. त्याच्यामागं वकील उभे होते, काखेत कागद घेऊन. "हा साहेबांचा जायचा-यायचा रस्ता आहे."

ब्रिननं वर पाहिलं नाही. तिनं एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही समोर ठेवून नीट ओळखून घेतले.

"मग वळसा घालून जा म्हणावं," ती म्हणाली, आणि उजवा बूट उजव्या पायात चढवू लागली.